पद्मिनीची टिकटिक आणि पंचावन्नाची थरथर

या वर्षी दसऱ्याच्या आधी आमची जुनी पद्मिनी मोटार शेडमधून बाहेर काढली, तेव्हा तिच्यात दोन नव्या तक्रारी होत्या. इंजिन चालू केले की स्लो स्पीडवर टिकटिक असा स्पष्ट आणि नेमाने येणारा आवाज होत होता. आणि गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली की पायाखालच्या पत्र्यातून थरथर सुरू होत होती, ती पंचावन्नला सर्वांत जास्त जाणवत होती आणि पासष्टनंतर पुन्हा विरत होती. रत्नागिरीतल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी टॅपेट (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्या भागांमधले बारीक अंतर) तीन वेळा सेट केले, तरी आवाज गेला नाही. मग त्यांचे मत असे पडले की बिग एंडचे (पिस्टनचा दांडा जिथे क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला जोडतो तिथले) बेअरिंग गेले आहे, थरथरही त्याचीच आहे, आणि इंजिन उतरवून क्रँक ग्राइंडिंगला पाठवल्याशिवाय इलाज नाही. मी गाडी परत घरी आणली. पुढच्या तीन आठवड्यांत इंजिन न उतरवता दोन्ही दोष सापडले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि बिग एंडशी तर मुळीच नव्हता. ते कसे सापडले हे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण किनाऱ्यावर जुन्या गाड्या सांभाळणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांच्यावरही केवळ आवाज ऐकून इंजिन उघडण्याची वेळ येत असते.

गाडी १९८७ ची आहे आणि ती वडिलांनी नवी घेतलेली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. तिचा मूळ आराखडा फियाट ११०० चा. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि मागच्या चाकांना ताकद. मुंबईत टॅक्सी म्हणून ती हजारोंनी धावत होती तोपर्यंत तिचा कोणताही भाग रात्रीच्या बसने सकाळी रत्नागिरीत हजर होत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि आता सुटे भाग शोधावे लागतात. त्यात आमची खारी हवा. समुद्रापासून दीड किलोमीटरवर इतके पावसाळे काढलेल्या इंजिनाचा एखादा स्टड उघडताना तुटला, तर बेअरिंगपेक्षा त्या स्टडचेच काम मोठे होऊन बसते. म्हणून खात्री झाल्याशिवाय पाना लावायचा नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

आवाजांच्या बाबतीत आपली भाषा फार नेमकी आहे आणि दोष शोधताना तिचा खरोखर उपयोग होतो. टिकटिक म्हटले की हलका, कोरडा, वरच्या बाजूचा आवाज डोळ्यांसमोर येतो. तो बहुधा टॅपेटचा, पेट्रोल पंपाच्या आर्मचा किंवा मॅनिफोल्डच्या (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या व धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) फुटलेल्या पॅकिंगचा असतो. ठकठक त्याहून जड असते आणि तिथे बिग एंड किंवा गजन पिन (पिस्टन आणि त्याचा दांडा जोडणारी खीळ) यांचा विचार करावा लागतो. चढावर रेस दिल्यावर इंजिनाच्या पोटातून धबधब असा खोल ठोका आला, तर मेन बेअरिंगची (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची) शंका घ्यावी. चढावरच पण वरच्या पट्टीत, काचेच्या गोट्या हलवल्यासारखे किणकिणले, तर तो बेअरिंगचा दोष नसून टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) पुढे गेल्याचे किंवा पेट्रोल वेळेआधी पेटत असल्याचे लक्षण असते. घरघर बेअरिंगची, खुळखुळ ढिल्या झालेल्या पत्र्याची, करकर सुकलेल्या रबराची. हे शब्द मालकाने गॅरेजमध्ये जपून वापरले, तर निम्मे काम तिथेच होते. मी पहिल्या दिवशी नुसते ‘इंजिनमध्ये आवाज आहे’ एवढेच सांगितले होते आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

मात्र शब्द कितीही नेमका असला तरी तो पुरावा होत नाही. पुरावा मिळतो तो आवाज कशाबरोबर बदलतो हे पाहिल्यावर. गाडी उभी असताना रेस दिली आणि आवाज त्या प्रमाणात वाढला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनावर बसवलेल्या एखाद्या भागाचा असतो. उभ्या गाडीत काहीच नाही आणि धावताना आहे, तर तो बहुधा इंजिनाच्या मागचा, म्हणजे शाफ्ट (इंजिनाची फिरकी मागे नेणारा दांडा), डिफरन्शियल (ती दोन मागच्या चाकांत वाटणारी दातेरी पेटी) किंवा चाके यांचा असतो. आणि वेग तोच ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर जो बदलतो, तो भाराशी बांधलेला असतो. माझी टिकटिक पहिल्या प्रकारात बसत होती, थरथर दुसऱ्या. एवढ्यावरूनच दोन्ही एकाच बेअरिंगच्या माथी मारता येणार नाहीत, हे दिसायला हवे होते.

टिकटिकीसाठी मी मिरकरवाड्याच्या एका मेस्त्रींना घरी बोलावले. त्यांची हयात मच्छीमारी ट्रॉलरची डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात गेली आहे आणि गाड्यांचे काम ते ओळखीखातर करतात. त्यांना घरी बोलावण्यामागे कारण होते. गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेली की इंजिन तापलेले असते आणि थंड इंजिनाचा पहिला मिनिट, ज्यात सर्वांत अधिक माहिती असते, तो कोणी ऐकतच नाही. झिजलेल्या बोअरमध्ये पिस्टनची फटफट थंडीत मोठी असते आणि पिस्टन तापून फुगला की कमी होते; मॅनिफोल्डची गळतीही पुष्कळदा धातू तापला की बुजते. बिग एंडचे उलट आहे. ऑइल तापून पातळ झाले की त्याचा ठोका वाढतो. मेस्त्री आले तेव्हा इंजिन रात्रभर थंड झालेले होते. मी चावी फिरवली, टिकटिक सुरू झाली, आणि ते चांगली वीस मिनिटे काहीही न करता बॉनेटपाशी उभे राहिले. मी मध्येच इंजिन बंद करायला गेलो, तेव्हा म्हणाले, “राहू द्या भाऊ, पुरते गरम होऊ द्या आधी.” गरम झाल्यावरही आवाज जसाच्या तसा राहिला, तसूभरही कमी-जास्त झाला नाही.

मग त्यांनी पिशवीतून हातभर लांबीची सागवानी काठी काढली, एक टोक इंजिनावर टेकवले आणि दुसरे कानाच्या पुढच्या हाडावर दाबले. हवेतून येणारा आवाज चहूकडून कानावर पडतो आणि बॉनेटखाली तो आदळत फिरत असल्यामुळे उगम कळत नाही. काठीतून मात्र जिथे टेकवली तिथलेच कंप सरळ वर चढतात. फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसला पहिला स्टेथोस्कोप कल्पिला तोही आधी गुंडाळलेल्या कागदाचा आणि नंतर लाकडाच्या नळीचाच होता, हे मी मेस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. काठी पेट्रोल पंपावर, टायमिंग कव्हरवर, ब्लॉकच्या खालच्या बाजूला, डायनामोवर अशी फिरली. सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) बाजूला जवळजवळ शांतता होती. टॅपेट कव्हरवर तिसऱ्या सिलिंडरच्या आसपास काठी टेकवली की टिकटिक कानात टोचल्यासारखी येत होती. काठी त्यांनी माझ्या हातात दिली. चौथ्या सिलिंडरपाशी तो आवाज पुसट आणि तिसऱ्यापाशी अगदी कोरीव, हा फरक मलाही पहिल्या प्रयत्नात कळला.

बिग एंड निर्दोष आहे हे त्यानंतर दोन रीतींनी पक्के केले. पहिली रीत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे: चालू इंजिनात एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढून अर्थला लावायची, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, पिस्टनवरचा दाब जातो आणि त्या सिलिंडरचे बिग एंड ढिले असेल तर त्याचा ठोका मवाळ होतो. आम्ही चारही वायरी क्रमाने काढल्या. इंजिन दर वेळी लंगडले, पण टिकटिकीत फरक पडला नाही. दुसरी रीत मला स्वतःला फार आवडते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एकच फेरी होते, आणि एका सिलिंडरचा प्लगही दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून पहिल्या प्लगच्या वायरीला टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला लुकलुकणारा दिवा) लावला, तर तो कॅमशाफ्टच्या तालावर लुकलुकतो. स्लो स्पीड ८०० फेऱ्यांचा धरला तर मिनिटाला ४०० लुकलुकी. प्रत्येक लुकलुकीला एकच टिक आली तर आवाज कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूचा; दोन आल्या तर क्रँकच्या बाजूचा. सेकंदाला सहा-सात टिका कानाला मोजता येत नाहीत, म्हणून मी मोबाइलवर लाइटचे आणि आवाजाचे एकत्र चित्रण केले आणि ते चतुर्थांश वेगाने लावून पाहिले. एक लुकलुक, एक टिक. पुन्हा एक लुकलुक, एक टिक. सुमारे शंभर मोजल्या, एकदाही दोन आल्या नाहीत.

आता प्रश्न उरला तो टॅपेट तीन वेळा सेट करूनही आवाज का राहिला हा. मेस्त्रींनी टॅपेट कव्हर उतरवले, इंजिन अगदी कमी स्पीडवर चालू ठेवले आणि चालू इंजिनातच एकेका रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) व व्हॉल्व्हच्या दांड्याच्या फटीत फिलर गेजची (फट मोजण्याच्या पातळ पात्यांच्या संचाची) पात सरकवत गेले. ऑइल अंगावर उडते, पण या तपासणीला पर्याय नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी नेहमीच्या पातीवर आणखी एक पातळ पात चढवून सरकवली आणि टिकटिक एकदम थांबली. पात काढली, पुन्हा सुरू झाली. इंजिन बंद करून तो रॉकर सुट्टा काढला आणि त्याच्या टोकाचा गुळगुळीत भाग मेस्त्रींनी माझ्या अंगठ्याच्या नखाखाली धरला. तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या जाडीएवढा एक उथळ खळगा पडला होता. डोळ्यांना तो फक्त थोड्या वेगळ्या चकाकीसारखा दिसत होता, पण नख त्याच्या कडेला स्पष्ट अडकत होते. सपाट पात त्या खळग्यात उतरत नाही, ती दोन्ही कडांवर आडवी बसते. त्यामुळे गेज बरोबर अंतर दाखवत होता आणि खरे अंतर मात्र त्याहून खळग्याच्या खोलीएवढे जास्त राहत होते. गॅरेजवाल्यांनी टॅपेट तीनही वेळा मोजमापाप्रमाणेच सेट केले होते, त्यात त्यांची हयगय नव्हती. मोजमाप बरोबर आले म्हणून टॅपेटला दोषमुक्त ठरवून ते थेट बिग एंडपर्यंत गेले, तिथे चूक झाली, आणि ती चूक मला अनेक हजारांना पडली असती.

असा खळगा उथळ असेल तर ऑइल लावलेल्या दगडावर घासून सपाट करता येतो. परंतु रॉकरच्या टोकावरचा कडक केलेला थर पातळ असतो आणि तो घासून संपवला तर खालचे मऊ पोलाद काही महिन्यांत झिजते. आमचा खळगा तेवढा उथळ नव्हता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, मोडीत निघालेल्या इंजिनाचा पण नखाला गुळगुळीत लागणारा एक रॉकर आणवला आणि तो बसवला. टॅपेट पुन्हा सेट केल्यावर इंजिनाला शिवणयंत्रासारखी त्याची मूळची मऊ खटखट परत आली. पद्मिनीच्या टॅपेटचा तेवढा आवाज असतोच आणि असावाही, कारण अंतर अजिबात न ठेवता टॅपेट घट्ट केले तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

थरथरीचे काम मला एकट्याला करता आले, कारण त्यात कानापेक्षा हिशेब अधिक होता. भाट्ये पूल ओलांडून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे वाहने कमी असतात. तिथे चौथ्या गिअरमध्ये पंचावन्नला गाडी नेली, थरथर सुरू झाली, आणि रस्ता सपाट व मोकळा पाहून न्यूट्रल केले. इंजिन स्लो स्पीडवर आले तरी थरथर तशीच राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी होत गेली. (हा प्रयोग उतारावर किंवा घाटात कोणीही करू नये.) मग पंचावन्नलाच तिसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहिले, इंजिन सुमारे दीडपट वेगाने फिरू लागले, पण थरथरीचा ताल बदलला नाही. ही दुसरी चाचणी करण्याचे कारण असे की चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे नुसता टॉप गिअरमध्ये अनुभव घेऊन दोघांपैकी दोषी कोण हे कधीच सांगता येत नाही.

इंजिन या आरोपातून सुटले. राहिली चाके आणि शाफ्ट. अंगणातल्या जांभ्याच्या फरशीवर खडूने खूण करून मी मागच्या चाकाची एक फेरी मोजली, ती १ मीटर ८८ सेंटीमीटर भरली. मग एक मागचे चाक उचलून घोडीवर ठेवले, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल केला आणि मुलाला खाली शाफ्टवरची खूण मोजायला बसवले. दुसरे चाक जमिनीवर अडकलेले असले की डिफरन्शियलच्या रचनेमुळे मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राची) एक फेरी होते, म्हणून वीस वेळा चाक फिरवले. शाफ्टच्या जवळजवळ ४३ फेऱ्या झाल्या, म्हणजे प्रमाण ४.३ निघाले. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वापंधरा मीटर. चाक सेकंदाला आठ वेळा फिरते आणि शाफ्ट पस्तीस वेळा. आठाचा दोष हेलकाव्यासारखा लागतो, स्टिअरिंग डावी-उजवीकडे झुलते, आणि तसा तो माझ्या गाडीत नव्हता. पस्तीसचा दोष तळव्यांना मुंग्या आल्यासारखा लागतो. मोबाइल चिकटपट्टीने शाफ्टवरून जाणाऱ्या मधल्या बोगद्याच्या पत्र्यावर चिकटवून कंप मोजणारे ॲप चालू केले, तेव्हा आलेखातला सर्वांत उंच सुळका पस्तीसच्या आसपास होता आणि आठवर नावापुरती उंची होती.

पद्मिनीचा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग रबराच्या कड्यात बसवलेले असते. गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने वर ढकलला, तेव्हा तो बोटभर सरकला. बॅटरीच्या उजेडात रबर पाहिले: खालच्या अर्ध्या भागाला आडवी चीर गेली होती, तिच्या कडा बोटाला कोळशासारख्या काळ्या आणि भुसभुशीत लागत होत्या, आणि कडे धरणाऱ्या पट्टीवर गंजाचे पापुद्रे आले होते. रबर ढिले पडले की शाफ्ट आपल्या मध्यावर राहत नाही. त्याच्या फिरण्याचा वेग त्या ढिल्या आधाराच्या स्वतःच्या झुलण्याशी जुळतो तेव्हा थरथर शिगेला पोचते आणि वेग त्यापलीकडे गेला की उतरते; पासष्टनंतर ती विरत होती ती त्यामुळेच, दोष नाहीसा होत होता म्हणून नव्हे. शाफ्ट काढताना दोन्ही तुकड्यांवर पंचाने समोरासमोर खुणा केल्या, कारण तो एका दात्यानेही फिरवून जोडला तर क्रॉस (शाफ्टचे सांधे) एकमेकांच्या सरळ रेषेत येत नाहीत आणि नवीच थरथर सुरू होते. सेंटर बेअरिंग आणि रबर नवे टाकले. क्रॉस हाताने फिरवून पाहिले, ते कुठे अडकत नव्हते आणि ढिलेही नव्हते, म्हणून ते तसेच ठेवले.

याच तपासणीत लक्षात आलेली आणखी एक गोष्ट आपल्या हवेत विशेष महत्त्वाची आहे. पावसाळ्यात किंवा पहाटेच्या दवात इंजिन लंगडत असेल, तर रात्री अंगणातला दिवा मालवून बॉनेट उघडावे. आमच्या दुसऱ्या प्लगच्या जुन्या वायरीवरून ब्लॉककडे निळसर ठिणगी धावताना अंधारात सरळ दिसली. मिठाचा ओलसर थर वायरीवर बसला की वीज प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच उतरते, एक सिलिंडर अधूनमधून चुकतो, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येणारा तो हादरा इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते) गेल्यासारखा वाटतो. फाउंडेशनचे रबर बदलण्याआधी वायरी बदलून पाहाव्यात.

गेल्या रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आलो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार दिला, तेव्हा खालून कोणताही ठोका आला नाही; पंचावन्नला पाय पत्र्यावर टेकवून ठेवले, ते शांत राहिले. परतताना काचा बंद केल्यावर मागून एक बारीक गुणगुण ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढत होती आणि सोडला की जवळजवळ नाहीशी होत होती, म्हणजे ती भाराशी बांधलेली आहे आणि संशय डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनवर जातो. ऑइल पाहिले, पातळी बरोबर आहे आणि त्यात धातूचा कीस नाही. ताशी चाळीस, पन्नास आणि साठ अशा तीन वेगांवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून तारीख घालून ठेवला आहे. एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर, त्याच तीन वेगांवर पुन्हा करीन, आणि तोवर डिफरन्शियलचा एकही बोल्ट सैल करणार नाही.